अडलं कुठं ते दाखव

मागच्या शनिवारी शाळेत पालक सभा झाली. नववीचे पालक, म्हणजे तीस-पस्तीस आले असतील, बाकीच्यांचं रानात काम. हजेरी, घटक चाचणी वगैरे बोलून झालं आणि शेवटच्या बाकावरचे एक पालक उठले, कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात ते. म्हणाले, "मॅडम राग मानू नका, एक विचारतो. पोरगं म्हणतंय सगळं यूट्यूबवर हाय, शाळेपेक्षा भारी सांगत्यात. मग शाळा कशाला हो?"

विचारण्यात खोच अजिबात नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी काय उत्तर दिलं तर शिस्त लागते, चार मुलांत मिसळायला येतं, वळण लागतं. ते "बरं" म्हणून खाली बसले. सतरा वर्षं गणित शिकवते मी, आणि माझं उत्तर काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही हे मला त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळलं. पलूसवरून घरी येईपर्यंत गाडीवर तेच डोक्यात होतं, रात्री जेवणातही लक्ष नव्हतं, म्हणून आज बसून लिहून काढतेय.

सुरुवात २०२० पासून करते, कारण हे सगळं मला कळायला लागलं ते तेव्हा. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, जूनमध्ये आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गवार ग्रुप केले, मी सकाळी व्हिडिओ टाकायची, घरातल्या भिंतीवर छोटा फळा लावून मोबाइल स्टुलावर डब्याला टेकवून रेकॉर्ड केलेले. खाली स्वाध्याय. आठवीत तेव्हा अडतीस मुलं होती. संध्याकाळपर्यंत वह्यांचे फोटो यायचे. आठेक दिवसांत लक्षात आलं की चौदा वह्यांत एकच चूक आहे, तीच, त्याच पायरीला, अगदी काटछाटसुद्धा सारखी. म्हणजे एकानं सोडवायचं आणि तेरा जणांनी उतरवायचं.

पण एक मुलगी होती, तिचा फोटो रात्री साडेदहाला यायचा. वडील दुधाच्या टेम्पोवर, घरात फोन एकच, तो दिवसभर त्यांच्याबरोबर. ते आले, जेवले की मग हिच्या हातात फोन. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो, वहीवर तिच्याच हाताची सावली पडलेली, कोपऱ्यात ताटाची कड दिसतेय. अवयव पाडायचं गणित होतं. मधल्या पदाची फोड तिनं बरोबर केली होती, पुढं सामाईक अवयव बाहेर काढायचा तिथं गाडी थांबलेली. आणि त्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीनं एक बाण काढून बारीक अक्षरात लिहिलेलं, "मॅडम इथपर्यंत कळलं. पुढं नाही."

मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले होते. दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज केला, पावणेअकराला तिचं पूर्ण गणित आलं, बरोबर.

अडतीस जणांत बाण काढणारी ती एकटी. बाकीची हुशार नव्हती असं नाही हो, त्यांनाही अडत होतंच, पण आपलं नेमकं कुठं अडलंय हे कळायलाही थोडं शिकावं लागतं, आणि वर्गात ते काम मी नकळत करत होते. बाकांमधून फिरताना कुणाचं पेन थांबलंय, कोण शेजारच्याच्या वहीत बघतंय, कोण उगाच मार्जिन आखत बसलंय हे दिसतं, तिथं जाऊन थांबलं की झालं. व्हिडिओत मला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तेव्हा सगळी चर्चा फोन आहे की नाही याच्यावर चालायची. तो प्रश्न खोटा नव्हता, या मुलीच्याच घरी बघा की. असर नावाच्या शिक्षणाच्या सर्वेचे देशभरातल्या खेड्यांचे आकडे आहेत, घरात स्मार्टफोन असलेली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती ती २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाली, म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. पण घरात फोन असलेल्या त्या मुलांतल्या २६.१ टक्क्यांना तो वापरायलाच मिळत नव्हता. आणि २०२३ ला १४ ते १८ वयाच्या मुलांना विचारलं तर ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. भाऊ आणि बहीण एकाच घरात राहतात, फोन भावाच्या खिशात. आमच्याकडं हे आकडे वाचायची गरजच नाही, वर्गात हात वर करायला सांगितलं की दिसतं.

एक आधीच सांगते, मी मोबाइलच्या विरोधातली नाही. २०१९ च्या महापुरात आणि परत २०२१ च्या जुलैत कृष्णाकाठच्या आमच्या कितीतरी मुलांची दप्तरं गेली, वाळत घातलेली पुस्तकं फुगून पापडासारखी झाली होती. २०२१ ला मी बालभारतीच्या साइटवरून पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून घेतल्या, फुकट आहेत, आणि दोन दिवसांत ग्रुपवर टाकल्या. ती सोय नसती तर दिवाळीपर्यंत मुलं पुस्तकाविना बसली असती. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचा धडा उघडतो, तो मी आजही वापरते, घनफळ शिकवताना तर हमखास, कारण फळ्यावर माझं शंकूचं चित्र कधीच नीट येत नाही. तेव्हा चांगलं ते चांगलंच. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं, म्हणजे धडा मुलापर्यंत पोचला, बरं, आता पोराचं अडलं, मग कोण?

याच काळात मी स्वतःही विद्यार्थी झाले होते. कोर्सेरा नावाच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर डेटा सायन्सचा एक कोर्स लावला, फुकटात. पहिला आठवडा जोरात, दुसऱ्यात दोन व्हिडिओ राहिले, तिसऱ्यात संपलं. स्वतःची फार लाज वाटली तेव्हा, वाटायचं मुलांना कुठल्या तोंडानं सांगायचं. नंतर या कोर्सेसचा इतिहास वाचला आणि कळलं की हे जगभर झालंय. २०११ ला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा त्यांचा कोर्स सगळ्यांना मोकळा केला तर १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं, शेवटपर्यंत गेले वीस हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी कोर्सेरा, एडएक्स, युडॅसिटी, सगळ्यांचा एकदम बोलबाला, आता कॉलेजं बंद पडणार असं बोललं जायचं. मग २०१३ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे विद्यापीठानं युडॅसिटीबरोबर बीजगणित, संख्याशास्त्र असे कोर्स ऑनलाइन चालवून बघितले. त्यातली बरीच मुलं गणितात आधीच मागं राहिलेली होती, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तीच. निकाल इतका खाली आला की त्याच वर्षी तो प्रयोग थांबवायला लागला. उन्हाळ्याच्या बॅचला निकाल बराच सुधारला, पण त्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त जण आधीच पदवी घेतलेले होते!

मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्याला आधीच शिकायला येतंय त्याला ऑनलाइन म्हणजे पर्वणी. तो व्हिडिओ थांबवतो, मागं घेतो, दुसरीकडं शोधतो, चार लोकांना विचारतो. ज्याचा पाया डळमळीत त्याच्यासमोर तोच व्हिडिओ लावला तर तो बघतो आणि बघून झालं की समजलं असं त्याला वाटतं, कारण समोरच्यानं गणित सोडवलेलं त्यानं डोळ्यांनी बघितलंय ना.

माझा पूर्ण झालेला पहिला कोर्स एनपीटेलचा. ते आयआयटी आणि आयआयएस्सीचं ऑनलाइन शिकवणं, २००३ पासून चालू आहे, आता 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर असतं. बारा आठवडे, दर आठवड्याला असाइनमेंट, त्यातल्या सगळ्यात चांगल्या आठ धरून २५ टक्के, बाकी ७५ टक्के परीक्षेचे, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन समोर बसून द्यायची. तेव्हा हजार रुपये फी होती. मी जमवलं ते माझ्या जिवावर नाही, आमच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी तोच कोर्स घेतला होता. बुधवारी असाइनमेंटची मुदत असायची आणि मंगळवारी मधल्या सुट्टीत डबा उघडा ठेवून आम्ही दोघी एका मोबाइलवर भांडायचो, हा पर्याय का तो पर्याय. परीक्षेला कोल्हापूरला एकाच एसटीनं गेलो. ती नसती तर तोही तिसऱ्या आठवड्यातच सुटला असता हे मला पक्कं माहितेय.

आणि हे काही नवीन नाही. माझी मोठी वहिनी लग्नानंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए झाली, "ज्ञानगंगा घरोघरी" म्हणणारं ते विद्यापीठ, १९८९ चं. (ज्यांच्या नावानं आहे ते यशवंतराव आमच्या शेजारच्या देवराष्ट्र्याचे, कुणी सांगितलं नाही तर आजकालच्या पोरांना हेही माहीत नसतं.) पुस्तकं घरी यायची, पण वहिनीला विचारा काय आठवतंय, तर ती रविवारचं अभ्यासकेंद्र सांगते. सकाळी भाकरी थापून, पोरगं सासूकडं देऊन, एसटीनं विट्याला. तिथं सर होते आणि तिच्यासारख्या आठ-दहा बाया होत्या. "पुस्तक घरी मी उघडायची गं, पण कळायचं रविवारी," हे तिचं वाक्य. दूरस्थ शिक्षण म्हणायचो आपण त्याला, पण ज्यांनी ते उभं केलं त्यांना माहीत होतं की आठवड्यातून एकदा तरी माणसानं माणसासमोर बसायला पाहिजे.

आता भाच्याची गोष्ट सांगते, याचा मला अजून राग आहे. दादाची तासगावकडं द्राक्षबाग. तीन वर्षांमागं माल चांगला गेला, हातात पैसे आले, आणि नेमकं तेव्हा एका अ‍ॅपवाल्या कंपनीचा माणूस घरी आला. टाय वगैरे लावलेला, बोलायला गोड. भाचा सातवीत. त्यानं टॅबवर दहा प्रश्नांची टेस्ट घेतली, त्यात चार बरोबर आले, आणि आईबापांसमोर पोराला म्हणाला, तुझा पाया फार कच्चा आहे, आत्ता लक्ष नाही दिलं तर दहावीला अवघड आहे. दादा-वहिनींचे चेहरे उतरले. मग टॅब, तीन वर्षांचं पॅकेज, महिन्याला हप्ता थेट बँकेतून. सही झाली. चार महिन्यांनी बंद करायचं म्हटलं तर कुणी फोन उचलेना, हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला जायचा.

मी दिवाळीत माहेरी गेले तेव्हा भाचा टॅब घेऊन बसला होता. पडद्यावर गुणोत्तर-प्रमाण, रंगीबेरंगी, सुंदर केलेलं, खोटं कशाला बोलू. उत्तर चुकलं की "पुन्हा प्रयत्न करा" आणि परत तोच व्हिडिओ. तीनदा झालं. मी म्हटलं, टॅब ठेव, कागद घे. ६१२ भागिले ६ कर. त्यानं झटक्यात लिहिलं, १२.

म्हणजे पोराचं अडलेलं सातवीच्या गुणोत्तराला नाही, चौथीच्या भागाकारातल्या शून्याला. सहा एके सहा, पुढचा एक उतरवला, त्यात सहा बसत नाहीत म्हणून त्यानं तो तसाच सोडून पुढचे दोन घेतले. वरती शून्य ठेवायचा असतो हे कुणी त्याला तीन वर्षांत सांगितलंच नव्हतं, शाळेनं पण नाही, हे मी शिक्षक असूनही कबूल करते. त्याला म्हटलं, बागेतनं ६१२ पेट्या निघाल्या, सहा गाड्यांत सारख्या भरायच्या. तू म्हणतोस एका गाडीत बारा. मग सहा गाड्यांत मिळून किती झाल्या? "बहात्तर." बरं, बाकीच्या कुठं गेल्या? गप्प बसला. बांधावर ठेवून आलास काय म्हटलं. मग कागदाकडं बघत राहिला, बराच वेळ, मी काहीच बोलले नाही, आणि हळूच एक आणि दोनच्या मध्ये त्यानं शून्य घातला. १०२. वर बघितलं माझ्याकडं. "आत्या, एवढंच होतं?"

एवढंच होतं. आणि त्या "पाया कच्चा" म्हणणाऱ्या माणसानं नेमकी कुठली वीट हलतेय ते बघितलंच नव्हतं, त्याला हप्ता बघायचा होता.

आता कुणी म्हणेल मॅडम, म्हणजे तंत्रज्ञान वाईट. तसं नाही. दिल्लीत २०१५ ला एक अभ्यास झाला, कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेक्झांडर गॅनिमियन यांचा, माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर. सरकारी शाळांतली ६१९ मुलं, सोडत काढून काहींना शाळेच्या वेळेबाहेर चालणाऱ्या केंद्रात प्रवेश दिला. तिथं कळलं की सहावीतलं पोर गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं आहे आणि नववीतलं साडेचार. माझ्या भाच्यासारखीच सगळी. फरक हा की ते सॉफ्टवेअर पोराची इयत्ता बघत नव्हतं, पोराचं अडलंय कुठं ते बघून तिथून सुरू करत होतं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगलीच प्रगती झाली, आणि जी सगळ्यात मागं होती त्यांना शाळेतल्या नेहमीच्या वर्गातून जवळजवळ काहीच मिळत नव्हतं, त्यांनासुद्धा इथं फायदा झाला. नव्वद मिनिटांचा वर्ग असायचा, ४५ मिनिटं कॉम्प्युटरवर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणाऱ्यासमोर. बातम्यांत सॉफ्टवेअरचंच नाव येतं, पण उरलेल्या त्या ४५ मिनिटांत एक माणूस होता आणि शाळेच्या वेळेबाहेर मुलांना बसायला एक जागा होती हेही तेवढंच धरायला पाहिजे.

सध्या स्टाफरूममध्ये वाद चालू आहे तो एआयचा. नववी-दहावीची मुलं चॅटजीपीटीला गणिताचा फोटो पाठवतात, पायऱ्यांसकट उत्तर येतं, मराठीतसुद्धा. आमचे एक सर म्हणतात बंदच करायला पाहिजे, दुसरे म्हणतात आता हेच शिक्षक. मी तुर्कस्तानातल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं आणि दोघांनाही सांगितलं. तिथल्या हायस्कूलच्या हजारेक मुलांना गणिताच्या सरावाला चॅटजीपीटीसारखं एआय दिलं तर सराव ४८ टक्क्यांनी चांगला झाला, पण नंतर ते काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षाही यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी. त्यातच दुसऱ्या गटाला वेगळं एआय दिलं होतं, शिक्षकांनी आधी सांगून ठेवलेलं, की उत्तर द्यायचं नाही, इशारा द्यायचा, मुलं अमुक ठिकाणी चुकतात तिथं असं विचारायचं. त्या गटाचं परीक्षेत नुकसान जवळजवळ झालंच नाही. म्हणजे मशीनही उत्तर न देता "कुठं अडलं" विचारायला लागली तेव्हाच धड चालली, आणि ते तिला सांगितलं शिक्षकांनी.

मोहित्यांच्या वडगावचं तुम्ही ऐकलं असेलच, कडेगाव तालुक्यातलं. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावात टीव्ही-मोबाइल बंद. लांबलांबून पत्रकार येऊन गेले. सगळ्यांनी लिहिलं की पोरं मोबाइलपासून सुटली. मला त्यातलं दुसरंच भावलं, भोंगा मोठ्या माणसांनाही लागू आहे. आईची मालिका बंद, बापाचा फोन बंद. म्हणजे सात ते साडेआठ त्या घरात पोराशेजारी बसायला एक मोकळं माणूस आहे. त्याला गणित येत नसू दे, पोरानं मोठ्यानं वाचलेलं ऐकलं तरी पुष्कळ झालं. मला तर वाटतं आमच्या शाळेला जो मोठा डिजिटल पॅनल आलाय, त्याच्यासारखा अजून एक घेण्यापेक्षा गावातल्या बीएस्सी होऊन घरी बसलेल्या एखाद्या पोरीला संध्याकाळी समाजमंदिरात दोन तास बसायचं मानधन द्या. व्हिडिओ लागू देत की तिथं, वायफाय द्या. फक्त ती तिथं पाहिजे. ग्रामसभेत मी हे बोलणार आहे, शाळेतल्या सभेतही बोलणार आहे.

तोवर मी माझ्यापुरतं चालू केलंय. सभेनंतरच्या मंगळवारपासून शाळा सुटल्यावर एक तास मी वर्गातच थांबते, मंगळवार आणि शुक्रवार. मोबाइल आणला तरी चालेल म्हटलं, हेडसरांची परवानगी काढली त्यासाठी. एकच अट घातली, घरी व्हिडिओ बघताना जिथं कळायचं बंद झालं तिथं तो थांबवायचा आणि तसाच घेऊन यायचं. पहिल्या दिवशी अकरा मुलं आली. त्या ट्रॅक्टरवाल्या पालकांचा पोरगा सगळ्यात शेवटी आला, वडिलांचा फोन घेऊन, काच कोपऱ्यात तडकलेली. टेबलावर माझ्यासमोर ठेवला. व्हिडिओ चार मिनिटं बारा सेकंदांवर थांबवलेला, वर्गसमीकरणाचा. त्यानं तडकलेल्या काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हितपर्यंत कळलं."